तिकालचा प्लॅन विस्कळीत का दिसतो आणि तो वाचायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला ‘प्राचीन माया धर्मकेंद्र’ असा केस स्टडी आहे. तुम्ही मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातलं, माया लोकांचं प्राचीन शहर तिकाल निवडलंत. पंधरा दिवस प्लॅन समोर घेऊन बसला आहात, पण त्यात ना ग्रिड सापडतो ना एखादा मुख्य अक्ष. इमारती मूठभर उधळल्यासारख्या वाटतात. एका व्हिडिओत ‘सगळं ताऱ्यांवरून आखलंय’ असं ऐकलंत, आणि सरांना शीटवर ‘डिझाइन प्रिन्सिपल’ हवं आहे. तर लिहायचं काय आणि काढायचं काय?

मी सत्तावीस वर्षं दगड-चुन्याच्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. तिकालला दोनदा गेलो आहे. पहिल्यांदा दीड दिवस, दुसऱ्यांदा आठ दिवस, वही आणि टेप घेऊन. राजांची नावं आणि तारखा मी माया लिपी वाचणाऱ्या अभ्यासकांच्या कामावरून देतो आहे. बांधकामाबद्दल जे सांगेन ते बहुतेक स्वतः पाहून आणि माझ्या रोजच्या कामाशी ताडून.

तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. तुम्ही त्या प्लॅनमध्ये एका माणसाने एका बैठकीत काढलेलं चित्र शोधताय. तसं चित्र तिथे नाहीच. पुस्तकात छापलेल्या प्लॅनवर इ.स.पू. ३५० च्या आसपास सुरू झालेला चौथरा आणि इ.स. ८१० च्या सुमाराचं मंदिर एकाच जाडीच्या रेषेने काढलेलं असतं. मधली साडेअकराशे वर्षं त्या कागदावर सपाट होतात. पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेलेल्या एखाद्या जुन्या वाड्याचा नुसता शेवटचा प्लॅन पाहिला तरी तो असाच विस्कळीत दिसेल. दुसरं म्हणजे तुम्ही काळे ठोकळे बघताय. तिकाल काळ्या ठोकळ्यांत नाही, त्यांच्यामधल्या पांढऱ्या जागेत आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सांगतोय ते सगळं प्रत्येक माया शहराला जसंच्या तसं लागू होणार नाही. पालेन्के डोंगरउतारावर आहे आणि तिथे ओढा बांधीव नाल्यातून इमारतींखालून नेला आहे. कोपान नदीकाठी आहे, आणि त्या नदीनेच तिथल्या अ‍ॅक्रोपोलिसची, म्हणजे उंच चौथऱ्यावरच्या इमारतींच्या समूहाची, एक बाजू कापून नेली. तिकाल मात्र पेतेनच्या जंगलात चुनखडीच्या उंचवट्यावर बसलं आहे. जवळपास नदी नाही, तळं नाही. जागा बदलली की उत्तर बदलतं. कुठल्या शतकातलं तिकाल तुम्ही काढताय यावरही बदलतं.

‘धर्मकेंद्र’ हा शब्दही जपून वापरा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांचा असा समज होता की ही ठिकाणं एरवी रिकामी असत, थोडे पुजारी राहत आणि लोक फक्त सणावाराला जमत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाने १९५६ ते १९७० या काळात तिकालला काम केलं आणि १६ चौरस किलोमीटरचा नकाशा तयार केला. त्यात सुमारे ३,००० बांधकामं निघाली, आणि त्यांतली बहुतेक साध्या घरांची जोती होती. २०१८ मध्ये उत्तर ग्वाटेमालाच्या विमानातून केलेल्या लेझर सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा सुमारे २,१०० चौरस किलोमीटरमध्ये ६०,००० हून जास्त बांधकामं दिसली. तेव्हा तुमच्या शीटवर जे येणार आहे ते एका भरवस्तीच्या शहराचा मधला भाग आहे, एकटं देवस्थान नव्हे. सरांनी शब्द ठरवून दिला असेल तर तो ठेवा, पण पहिल्याच ओळीत हे लिहा.

आता पांढऱ्या जागेकडे येऊ.

आपल्याकडच्या देवळात माणूस आत जातो. सभामंडपातून अंतराळ, तिथून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. आतली जागा हीच मुख्य जागा. तिकालला उलट आहे. ४७ मीटर उंचीच्या मंदिर १ च्या माथ्यावर एकामागे एक तीन खोल्या आहेत, आणि त्या इतक्या अरुंद आहेत की दहा-बारा माणसांतच गर्दी होईल. हजारो लोक जमायचे ते खाली, आभाळाखाली. म्हणजे सभागृह हे चौकच होते आणि पिरॅमिड ही त्या सभागृहाची भिंत आणि मंच. एकदा हे डोक्यात बसलं की प्लॅन उलटा वाचता येतो: आधी चौकाचा आकार बघायचा, मग त्याच्या कडा कोणी धरल्या आहेत ते, आणि मग कोण कुठे उभं राहत असेल ते.

ग्रेट प्लाझा, म्हणजे मोठा चौक, या पद्धतीने बघा. पूर्वेला मंदिर १, पश्चिमेकडे तोंड करून. पश्चिमेला ३८ मीटरचं मंदिर २, पूर्वेकडे तोंड करून. उत्तरेला नॉर्थ अ‍ॅक्रोपोलिसचा चौथरा, दक्षिणेला सेंट्रल अ‍ॅक्रोपोलिस. आज तिथे हिरवळ आहे, त्यामुळे बागेत आल्यासारखं वाटतं. ती हिरवळ मनातून काढून टाका. तिच्या जागी चुन्याचा कोबा होता, एकसंध, पांढरा. उत्खननात एकावर एक असे चार थर सापडले; सर्वांत जुना इ.स.पू. १५० च्या सुमाराचा आणि शेवटचा इ.स. ७०० च्या सुमाराचा. मी चुन्याच्या कोब्याची कामं केली आहेत, म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेचा कोबा ही एकदा करून सोडायची गोष्ट नाही. दगड भाजायला लाकूड, भट्टी, चुना विरवायला वेळ, मग पसरणं, ठोकणं, घोटणं, आणि पुढे कायमची निगा. ज्यांनी साडेआठशे वर्षं हा चौक चौकच ठेवला, त्यावर कधी इमारत चढू दिली नाही, त्यांच्यासाठी ती ‘उरलेली जागा’ नव्हती. तुम्ही विचारता तो नियोजनाचा पुरावा मला इथे दिसतो. इमारती बदलल्या, वाढल्या, पुरल्या गेल्या, मोकळी जागा टिकली.

आता उत्तरेची बाजू, कारण तिकालचं बांधकाम कसं वाढतं हे तिथे सगळ्यात स्वच्छ कळतं.

नॉर्थ अ‍ॅक्रोपोलिस प्लॅनवर बारा-पंधरा मंदिरांची गर्दी दिसते. पण तिथे खंदक घेतल्यावर खाली सुमारे शंभर जुनी बांधकामं सापडली. जुनं देऊळ पाडून दगड वाहून न्यायचे नाहीत. त्याचा वरचा भाग थोडा उतरवायचा, खोल्या भरून टाकायच्या, आणि त्यालाच गाभा धरून त्याच्याभोवती मोठं देऊळ चढवायचं. बहुतेक वेळा मधे एखाद्या राजाचं दफन. खाली मृत पूर्वज, वर त्याचं देऊळ, त्यावर नातवाचं देऊळ.

याचं एकच उदाहरण नीट बघा: मंदिर ३३. नॉर्थ अ‍ॅक्रोपोलिसच्या दर्शनी ओळीत बरोबर मध्यभागी. तिथे खडकात खोदलेलं एक दफन आहे, सियाह चान काविल दुसरा या राजाचं. भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेली तारीख इ.स. ४५७ ची आहे. त्यावर एक मंदिर झालं, ते बदलून दुसरं झालं, आणि सातव्या शतकाच्या उत्तरार्धात या सगळ्याला पोटात घेऊन सुमारे ३३ मीटरचा उंच पिरॅमिड उठला. तो बांधण्याआधी दुसऱ्या मंदिराच्या मागच्या खोलीत त्याच राजाची एक स्टेला, म्हणजे लेख कोरलेली उभी शिळा, आणून उभी केली होती. तीच प्रसिद्ध स्टेला ३१, इ.स. ४४५ ची. तिचा खालचा भाग मोडलेला आहे. कोणीतरी ती मूळ जागेवरून हलवली, खोलीत मांडली, तिच्यापुढे विधी केले आणि मग ती खोली चुना-डबराने भरून टाकली. त्या शिळेवर इ.स. ३७८ मध्ये सियाह काक नावाचा पुरुष पश्चिमेकडून तिकालला आल्याची नोंद आहे, आणि तिकालच्या राजकारणावर मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या बलाढ्य शहराची छाया पडली ती तेव्हापासून. इतिहासातला एवढा मोठा दस्तऐवज एका भरावाच्या आत सुमारे तेराशे वर्षं सुखरूप राहिला.

१९६०च्या दशकात संशोधकांनी तो सगळ्यात वरचा, ३३ मीटरचा पिरॅमिड पूर्ण उतरवला, आतले थर वाचण्यासाठी. दुरुस्तीच्या कामातला माणूस म्हणून मला हा निर्णय आजही खुपतो. एक थर कायमचा गेला. पण त्यातून जे कळलं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळलं नसतं, हेही तितकंच खरं. आज तुम्ही तिथे गेलात तर त्या जागी गवती छपराखाली माणसाहून उंच असा एक मुखवटा दिसतो, दगडावर चुन्याचा गिलावा घडवून केलेला. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. ओठाच्या कडेला गिलाव्याची जाडी बदलते तिथे कारागिराने ओल्या चुन्यात हात फिरवलेला स्पष्ट कळतो. पुढच्या पिढीने तो पुरला म्हणूनच टिकला. जे उघडं राहिलं त्याचा गिलावा पावसाने कधीच खाल्ला आहे.

इथवरचा सारांश सांगतो, म्हणजे पुढचं जुळेल. चौक स्थिर. चौथरे वर वाढणारे. आणि वाढीचं कारण बहुतेकदा एखादा मृत राजा.

आता प्रश्न येतो की मंदिर १ आणि २ मग उत्तरेच्या ओळीत का नाहीत? इथे राजकारण प्लॅनमध्ये शिरतं. इ.स. ५६२ मध्ये तिकालचा मोठा पराभव झाला आणि पुढची सुमारे १३० वर्षं तिथे तारखेचे स्मारकस्तंभ उभे राहिले नाहीत. इ.स. ६८२ मध्ये हसाव चान काविल गादीवर आला. ६९५ मध्ये त्याने कालाकमुल या जुन्या शत्रू-शहराच्या राजाला हरवलं. शतकानुशतकं तिकालचे अनेक राजे उत्तरेच्या चौथऱ्यात पुरले गेले होते. याचं दफन मात्र चौकाच्या पूर्व कडेला झालं, आणि त्यावर नऊ टप्प्यांचं मंदिर १ उभं राहिलं. १९६२ मध्ये ते दफन सापडलं, तेव्हा त्यात जेडचे भरघोस दागिने आणि कोरीव हाडं निघाली. एका हाडावर होडीतून जाणाऱ्या देव-प्राण्यांचं अतिशय नाजूक चित्र आहे. समोरचं मंदिर २ त्याच्या राणीशी जोडलं जातं, कारण तिथल्या लाकडी लिंटलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईवर, स्त्रीची आकृती कोरलेली होती.

म्हणजे बघा, चौक तोच राहिला, पण तोपर्यंत तो उत्तरेकडे तोंड करून होता, आता पूर्व-पश्चिम झाला. दोन उंच मंदिरं समोरासमोर, मधे माणसं. एका राजाने अख्ख्या शहराचा अक्ष काटकोनात फिरवला, आणि त्यासाठी चौकातली एक फूट जागाही बांधून काढली नाही. मला तिकालमधली सगळ्यात मोठी डिझाइनची खेळी हीच वाटते. तुमच्या शीटवर एकच ‘प्रिन्सिपल’ लिहायचं असेल तर हे लिहा.

हा विचार त्याने कुठून आणला याचाही माग लागतो. तिकालमध्ये जुळ्या पिरॅमिडांचे अनेक गट आहेत. माया कालगणनेत ७,२०० दिवसांचा एक कातून असतो, म्हणजे वीस वर्षांना थोडा कमी. कातून संपला की असा एक गट बांधायचा. क्यू नावाचा गट इ.स. ७७१ चा, आर नावाचा ७९० चा. मांडणी ठरलेली: पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे सारखे, सपाट माथ्याचे पिरॅमिड, चारही बाजूंना जिने. दक्षिणेला नऊ दारांची लांबट इमारत. उत्तरेला छप्पर नसलेलं आवार, आत राजाची स्टेला आणि तिच्यापुढे गोल वेदी. वेंडी अ‍ॅशमोर यांच्यासारख्या अभ्यासकांनी याचं वाचन असं केलं आहे की पूर्व-पश्चिम म्हणजे सूर्याची वाट, उत्तर म्हणजे वरचं जग आणि पूर्वज, दक्षिण म्हणजे पाताळ, आणि पाताळाचे थर नऊ म्हणून दारं नऊ. आता मोठा चौक पुन्हा बघा. पूर्व-पश्चिम पिरॅमिड, उत्तरेला पूर्वज, दक्षिणेला बहुदारी इमारती. सहाशे पावलांवरच्या लहान गटात जे तुम्ही पाहता तेच इथे शहराच्या मापाने आहे. हसाव चान काविलने मंदिर १ च्या बऱ्याच आधी, ६९२ मध्ये, असा गट बांधून घेतला होता. त्याच्या कारागिरांना ही मांडणी पाठ होती.

खोल्या इतक्या अरुंद का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सर नक्की विचारतील. सेंट्रल अ‍ॅक्रोपोलिसमध्ये सहा अंगणांभोवती राजवाड्याच्या लांबच लांब इमारती आहेत. तिथल्या एका खोलीत मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो तर बोटं दोन्ही भिंतींना जवळजवळ टेकली. वर पाहिलं की दोन्ही बाजूंचे दगड एकेका थराने पुढे सरकत वर जातात आणि माथ्याशी एक सपाट दगड आडवा टाकून फट मिटवलेली असते. ही खरी कमान नाही. खऱ्या कमानीत चावीचा दगड दोन्ही बाजूंना रेटतो आणि सगळे दगड एकमेकांना दाबून धरतात. इथे प्रत्येक दगड मागच्या वजनावर तोललेला आहे. आपल्या जुन्या देवळांच्या छतांत दगड एकेक थर पुढे काढत जागा मिटवतात, तीच युक्ती. फक्त माया लोकांकडे मागे चुना आणि डबर यांचा जाड गाभा असे, तो घट्ट झाला की सगळं एकजीव होई. या पद्धतीत रुंदी वाढवायची तर उंची आणि भिंतीची जाडी झपाट्याने वाढते. म्हणून खोली बोगद्यासारखी: अरुंद, उंच, लांब. मंदिरांवर तर आणखी छपराचा उभा कंगोरा येतो, त्याचा भार मागच्या भिंतीवर. वजन कमी करायला त्या कंगोऱ्याच्या आत बंद पोकळ्या ठेवलेल्या आहेत. त्यांना भार कळत होता.

दारावरचे लिंटल लाकडी. दगडाचं आडवं तुळवट वाकताना तडकतं, हे कुठल्याही गवंड्याला माहीत असतं, पण लाकूड दमट जंगलात टिकणार कसं? त्यांनी वापरलं चिकूचं लाकूड. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला आपला चिकू मूळचा त्याच भागातला. फळ आपण ओळखतो, पण त्याचं लाकूड किती जड आणि चिवट असतं हे आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नसतं. तेराशे वर्षांनंतर यांतली काही लिंटल अजून आहेत. मंदिर ४ ची कोरीव लिंटल एकोणिसाव्या शतकात काढून नेली गेली आणि आज स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. मंदिर १ च्या लिंटलच्या लाकडाची कार्बन चाचणी करून २०१३ मध्ये माया दिनांक आपल्या दिनांकांशी कसे जुळतात हे पडताळलं गेलं. वर मी तुम्हाला ६८२, ६९५ असे आकडे सहज देऊ शकलो, त्यामागे चिकूच्या लाकडाची ही चाचणीही आहे.

आणि आता पाणी. प्लॅन ज्या कारणाने ‘विस्कळीत’ दिसतो त्यातलं निम्मं कारण हे आहे, आणि विद्यार्थ्यांच्या शीटवर ते जवळजवळ कधीच नसतं.

तिकालला पाऊस भरपूर पडतो, पण वर्षातले चार-पाच महिने कोरडे. नदी नाही, आणि चुनखडी पाणी पिऊन टाकते. मग कोबा फक्त मिरवण्यासाठी नव्हता. तो पाऊस गोळा करणारा पृष्ठभाग होता. एक हेक्टर कोब्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. पंचवीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे अडीच लाख लिटर. चौकांना, अंगणांना, छपरांना ढाळ दिला की हे सगळं पाणी कडेच्या तलावांत जातं. सेंट्रल अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिणेला जी घळ दिसते तो पॅलेस रिझर्व्हॉयर. त्याच्या बांधाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: लांबी ८० मीटर, उंची सुमारे १० मीटर, साठा साधारण साडेसात कोटी लिटर. असे अनेक तलाव होते, आणि तलाव म्हणजे बहुतेक ठिकाणी जुनी खाण. दगड काढला, इमारत बांधली, खड्डा उरला, त्याला गिलावा केला, पाणी भरलं. चौथरा आणि तलाव ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. २०२० मध्ये कोरिएंताल नावाच्या तलावात क्वार्ट्झ आणि झिओलाइट ही खनिजं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पाणी गाळण्यासाठी ते मुद्दाम लांबून आणलं होतं असा निष्कर्ष आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाच्या खुणा मिळाल्या. पाऱ्याचा उगम लाल हिंगुळात असावा. ज्या लाल रंगाने त्यांनी भिंती आणि दफनं रंगवली, तोच पावसाबरोबर वाहत पिण्याच्या पाण्यात उतरला. पाण्याची इतकी जाण असलेल्या लोकांच्या हातून हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

तर प्लॅन बघताना प्रत्येक वाकड्या कडेजवळ विचारा: इथलं पाणी कुठे जातं? बहुतेक ‘वाकडेपण’ चढ-उताराशी जुळतं. रुंद बांधीव रस्त्यांचंही तेच. तोझर, मोडस्ली, मालेर आणि मेंदेस या संशोधकांची नावं त्यांना आज दिली आहेत. त्यांतला मेंदेस रस्ता सव्वा किलोमीटर आग्नेयेला मंदिर ६ पर्यंत जातो. माया लोकांकडे गाड्या नव्हत्या, ओझ्याची जनावरं नव्हती, तरी हे रस्ते आपल्या चौपदरी रस्त्यांना लाजवतील असे रुंद, कारण ते मिरवणुकीचे होते.

ताऱ्यांबद्दल आता. त्या व्हिडिओतलं विधान सरसकट लिहू नका, सरसकट खोडूही नका. मुंदो पेर्दिदो नावाच्या भागात, शहराच्या सगळ्यात जुन्या भागात, चार बाजूंना जिने असलेला सुमारे ३० मीटरचा पिरॅमिड आहे आणि त्याच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण लांब चौथरा, त्यावर तीन देवळं. अशीच मांडणी उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवरच्या वाशाक्तुनला १९२४ मध्ये फ्रान्स ब्लोम यांच्या लक्षात आली. तिथे पश्चिमेच्या पिरॅमिडवरून पाहिलं तर दोन्ही अयनांना सूर्य चौथऱ्याच्या दोन टोकांवर आणि विषुवाला मधल्या देवळावर उगवतो. मात्र पुढे इतरत्र जे गट बांधले गेले त्यांत पुष्कळ ठिकाणी रेषा तंतोतंत लागत नाहीत. माझं मत असं की तिथे आकाश मोजण्यापेक्षा आकाशाचा सोहळा करण्यासाठीची जागा म्हणून तो नमुना पुढे चालत राहिला. एका भागासाठी हे ठाम लिहा. अख्ख्या शहराची आखणी ताऱ्यांवर झाली असं लिहिलंत तर कोणी एक रेषा मोजली की तुमचं विधान पडेल.

शीटचं म्हणाल तर मी प्लॅनपासून सुरुवात करणारच नाही. एक उत्तर-दक्षिण सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा: नॉर्थ अ‍ॅक्रोपोलिसच्या पोटातून, मंदिर ३३ च्या थरांमधून, मोठ्या चौकावरून, सेंट्रल अ‍ॅक्रोपोलिसची अंगणं कापत, पॅलेस रिझर्व्हॉयरच्या घळीत उतरून पलीकडे उत्तरेकडे तोंड केलेल्या, ५७ मीटरच्या मंदिर ५ वर चढणारा. मृत पूर्वज, लोक, राजा आणि पाणी, सगळं एका रेषेत येतं. थर वेगवेगळ्या जाडीने काढा: एक इ.स.पू. १५० च्या आसपासचा, एक इ.स. ५०० च्या, एक ७५० च्या. शेजारी प्लॅन हवाच असेल तर तो उलट्या रंगात, चौक आणि तलाव काळे, इमारती पांढऱ्या. त्या प्लॅनवर ढाळाचे बाण काढायला विसरू नका. बाण काढताना एखाद्या चौकाचं पाणी कुठे उतरतं हे समोच्च रेषांवरून ठरत नसेल, तर त्या भागाचा जेवढा मिळेल तेवढा नकाशा इथे टाका. मी माझ्या वहीतल्या नोंदींशी ताडून सांगतो.